देखण्याचा मुलगा, म्हणजे माझी नात

बेबी मॉनिटर नावाच्या यंत्राचा डोळा भिंतीकडे फिरवला की त्याचे कानही बंद होतात, असं मला वाटलं होतं. वय वर्षं बहात्तर, त्यातली पन्नास कॅनडात, नवरा इंजिनिअर, आणि तरी मला असं वाटलं. त्या समजुतीवर विसंबून मी नातीच्या बारशाच्या सकाळी पाळण्यावर वाकले आणि तिच्या कानात जे बोलायचं नव्हतं ते बोलले. खाली स्वयंपाकघराच्या ओट्यावर त्या यंत्राचा दुसरा तुकडा ठेवलेला होता. तिथे माझी मुलगी होती, तिची सासू, म्हणजे माझी विहीण होती, आणि शेजारच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहणाऱ्या दोन मराठी विद्यार्थिनी पुऱ्या लाटायला आल्या होत्या. चौघींनी ऐकलं. चौघींतल्या तिघींना मराठी कळतं.

त्या दोन मिनिटांपायी नात माझ्या हातून जायची वेळ आली होती. ते सगळं लिहून काढते आहे, आणि रागाने लिहिते आहे, हे आधीच सांगितलेलं बरं. गोड आजी हवी असेल त्यांनी दुसरीकडे बघावं.

मी राहते कॅल्गरीला. मुलगी किचनरला, सॉफ्टवेअरमध्ये. एकेचाळिसाव्या वर्षी तिला पहिलं मूल होणार म्हटल्यावर मी दोन महिन्यांसाठी निघाले. डिंक, अळीव, खारका बॅगेत भरल्या आणि वर वरवंटा घेतला. बारशाला बाळाच्या आधी वरवंट्याला झबलं-टोपडं घालून पाळण्याच्या वरून-खालून द्यायचा, अशी आमच्याकडची पद्धत. लग्नानंतर इथे येताना तो वरवंटा आणला होता; मधली कित्येक वर्षं तो गराजचं दार अडवायच्या कामी होता. विमानतळावर तपासणीच्या बाईने तो माझ्या हातातल्या पिशवीतून काढला आणि हे काय आहे म्हणून विचारलं. मी खरं तेच सांगितलं, की हा बाळाच्या आधीचा बाळ. तिने मला परत पाठवलं आणि तो मोठ्या बॅगेत टाकायला लावला.

मुलगी झाली. नाक तिच्या आजोबांचं, रडणं माझं. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात माझ्या मुलीने नाव सांगितलं. मॅकेन्झी.

मी म्हटलं, "हे आडनाव झालं. नाव काय?"

हेच नाव, असं ती म्हणाली, इंग्रजीत. माझ्या मुलीला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. शाळेत गेल्यापासून आमचं असंच चाललंय. मी इकडून मराठी टाकते, ती तिकडून इंग्रजी.

आता हा शब्द मी पन्नास वर्षं आडनाव म्हणूनच ऐकत आले. नवऱ्याच्या पहिल्या ऑफिसातला वरचा साहेब या आडनावाचा. उत्तरेला नकाशात या नावाची नदी. आडनाव ते आडनाव. उद्या कुणी मुलीचं नाव देशपांडे ठेवलं तर कसं होईल, हे मी तिथल्या तिथे करूनही दाखवलं. ए देशपांडे, दूध पी गं. देशपांडे, शी केलीस का बाळा? जावई हसला, काही न कळता; तो भला माणूस आहे. मुलगी हसली नाही. नाव जावयाच्या आईकडून आलं आहे, एवढंच ती म्हणाली. पुढे आणखी काही बोलली असेल. मी ऐकलं नाही, कारण तोवर माझ्या डोक्यात तांदळाचं ताट आलं होतं.

सासूने नाव ठेवलं. पुन्हा.

तांदळाच्या ताटाचं सांगते. आमच्या वेळी लग्नात नवरीचं नाव बदलायचे. आडनाव बदलायचंच, मधलं वडिलांचं नाव जाऊन नवऱ्याचं यायचं, आणि बऱ्याच घरांत पहिलं नावही जायचं. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्याने अंगठीने त्यात नवीन नाव लिहायचं. माझं नवीन नाव सासूबाईंनी ठरवलं होतं. थोरल्या सुनेच्या नावाशी ते जुळत होतं, दोघींना एकदम हाक मारायला सोपं. पडद्यांची जोडी निवडावी तशी निवड.

आणि ती एकवीस वर्षांची मूर्ख पोरगी, म्हणजे मी, खूश. तिला वाटलं शालूबरोबर नावही मिळालं, कोरं, घडी न मोडलेलं. साखरपुड्यानंतर तिने वहीच्या मागच्या पानांवर नवीन सही गिरवली, पानंच्या पानं. मैत्रिणींना दाखवली. एका मैत्रिणीने विचारलं, की मग जुन्या नावाचं काय? तर ही शहाणी म्हणते, जुन्या नावाचं काय करायचंय, ते लहानपणीचं होतं. आज ती मला भेटली तर तिच्या हातातली वही काढून घेऊन तिच्याच डोक्यात घालीन. नावाचा तो तांदूळ दुसऱ्या दिवशी भाताला गेला. मीच धुतला. धुताना गाणं म्हणत होते.

जुनं नाव माहेरी चालू राहिलं. आईने ते कधी सोडलं नाही, भावानेही नाही. आई गेली. भाऊ तीन वर्षांपूर्वी गेला. त्यानंतर त्या नावाने मला हाक मारणारं कुणी उरलं नाही. नवरा त्याच्या वर्षभर आधीच गेला होता, म्हणजे ज्याच्याशी भांडावं तोही नाही. मुलीला मी हे कधी सांगितलं नव्हतं. का सांगितलं नव्हतं, याचं धड उत्तर माझ्याकडे नाही. आधी वाटायचं सांगण्यासारखं त्यात काय आहे, आणि नंतर वाटायला लागलं की आता फार उशीर झाला.

तर हॉस्पिटलातून घरी आल्यावर मी टॅबलेट घेऊन बसले आणि त्या मॅकेन्झीचा शोध घेतला. नावं आणि त्यांचे अर्थ सांगणारी एक साइट उघडली. मुलींच्या यादीत, गुलाबी रंगात, फुलपाखराच्या चित्राशेजारी ते नाव होतं. मूळ स्कॉटलंडचं. तिथल्या गेलिक भाषेत मॅक म्हणजे मुलगा, लेक नव्हे, मुलगा. पुढचा भाग कॉन्याख अशा काहीशा उच्चाराच्या एका पुरुषाच्या नावाचा, आणि त्याचा अर्थ देखणा. म्हणजे सगळं मिळून देखण्याचा मुलगा. कुठल्या तरी डोंगरातल्या कुणा देखण्या गड्याचा मुलगा. त्याचं कुळ वाढलं, कुळाचं आडनाव झालं, आडनाव बोटीतून इकडे आलं, आणि आता ते फुलपाखराशेजारी बसून माझ्या नातीवर उतरलं होतं.

मी तीन वेळा वाचलं. माझी सव्वातीन किलोची नात, जिला अजून मान धरता येत नाही, तिचं नाव अमक्याचा मुलगा.

मुलीला दाखवलं. तिने दमलेल्या आवाजात सांगितलं की अर्थाचा विचार कुणी करत नाही, तिच्या टीममध्येच या नावाच्या दोन मुली आहेत. मी म्हटलं, मग त्या दोघींच्या आयांनाही मी फोन करते.

मला एवढी मिरची का लागली, तेही सांगून टाकते, कारण त्यात माझंच तोंड काळं आहे. ही माझी मुलगी लग्नाला दहा वर्षं झाल्यावर कॅल्गरीत झाली. मुलगाच होणार असं मी धरून चालले होते. का, तर पोट पुढे आलं होतं आणि एका बाईने तसं सांगितलं होतं. मी निळे मोजे विणले, निळी टोपी विणली. सासूबाईंकडून पत्र आलं होतं, त्यात पाच नावं होती, पाचही मुलाची. मग मुलगी झाली. मी रडले. दमून रडले असं मी सगळ्यांना सांगितलं. मुलीसाठी नाव कुणी ठरवलंच नव्हतं आणि स्वतः ठरवायचं या बाईच्या, म्हणजे माझ्या, डोक्यात येईना. सासूबाईंना पत्र पाठवलं, उत्तराची वाट बघितली. तीन आठवडे माझी लेक कागदोपत्री 'बेबी गर्ल' आणि पुढे आडनाव, एवढीच होती. डॉक्टरकडे गेलं की नर्स हाक मारायची, बेबी गर्ल, आणि मी उठायचे. निळ्या टोपीत गुंडाळलेली बेबी गर्ल घेऊन उठायचे. हॉस्पिटलचा तो प्लास्टिकचा पट्टा मुलीला पुढे कधीतरी माझ्या कपाटात सापडला होता. तिने काही विचारलं नव्हतं.

तेव्हा मुलीला मुलगा म्हणण्याची चीड मला कुठून आली, हे बघा. ज्या बाईला मुलगा हवा होता तिलाच.

पुढचे दोन-अडीच आठवडे मी नातीला तिच्या नावाने हाक मारली नाही. बयो म्हटलं, चिमणे म्हटलं, ठमे म्हटलं, एकदा तर वरवंट्या म्हटलं. रोज सकाळी सात वाजता तिला तेल लावायचे, अंघोळ घालायचे, आणि पायांवर घेऊन हजार नावांनी बोलवायचे, ते एक सोडून. मुलीच्या ते लक्षात येत होतं. बारसं आम्ही सोयीच्या रविवारी धरलं होतं. शनिवारी संध्याकाळी जावयाच्या बहिणीचा फोन आला. हॅलिफॅक्सला बर्फाचं वादळ, विमान रद्द. म्हणजे कानात नाव सांगायला आत्या नाही. मुलगी माझ्यासमोर येऊन बसली. तिने दोन गोष्टी सांगितल्या. एक, नाव कानात मी सांगायचं. दोन, या घरात बाळाला तिच्या नावाने हाक मारायची, आणि ते जमत नसेल तर ती माझं परतीचं तिकीट अलीकडचं करून देईल. आवाज चढवला नाही. सूप गरम करू का विचारावं तशा आवाजात म्हणाली. मी मान डोलावली. सहा महिने मी वाट बघितलेली, जिच्या अंगाचा वास आता माझ्या पदराला लागलेला, ती पोर सोडून मी कॅल्गरीच्या रिकाम्या घरात परत जाणार होते की काय! मी म्हटलं, सांगते, नीट सांगते.

आणि सकाळी वर जाऊन हा उद्योग केला.

माझा हिशोब असा होता. कानात पहिलं नाव जे पडतं ते खरं. दुपारी सगळ्यांसमोर मी ते मॅकेन्झी सांगेन, शब्द पाळेन, पण त्याच्या आधी दुसरं एक नाव त्या कानात जाऊन बसलेलं असेल. कुणाला कळणार नाही, कुणाचं नुकसान नाही. पाळण्याच्या कठड्याला तो मॉनिटर होता. त्याचा काळा डोळा मी भिंतीकडे वळवला, दार लोटलं आणि वाकले.

मी म्हटलं, "ऐक गं बयो. दुपारी तुला एक नाव सांगतील, ते ऐकल्यासारखं कर आणि सोडून दे. ते पुरुषाचं आहे, आणि तुझ्या त्या गोऱ्या आजीने माझ्या पोरीच्या गळ्यात मारलंय. माझ्या सासूने मला मारलं होतं तसंच. तुझं खरं नाव मी सांगते. ते माझं होतं. तांदळात गेलं." मग मी ते नाव सांगितलं. कुर्रर्र केलं. आणि वर सांगितलं, "आपल्या दोघींतच ठेव."

ते नाव मी इथे लिहिणार नाही. चौघींनी ऐकलं तेवढं पुरे.

खाली आले तर स्वयंपाकघरात तेल तापून धूर सुटला होता आणि कुणी पुरी सोडत नव्हतं. दोघी विद्यार्थिनी पोळपाटाकडे बघत होत्या, जणू त्यावर परीक्षेचा निकाल आहे. विहीण एकेकीच्या तोंडाकडे बघत होती, काय झालं म्हणून. ओट्यावरच्या त्या तुकड्यातून माझ्या नातीचा श्वास ऐकू येत होता. तेव्हा मला कळलं.

एका विद्यार्थिनीने हळूच गॅस बंद केला आणि म्हणाली, "काकू, आम्ही तुमच्या बेसमेंटमध्ये फुगे लावतो." गेल्या दोघी. शहाण्या मुली.

मुलीने मला विचारलं की हे नाव कोणाचं. मी म्हटलं, माझं. तुझं नाव तर दुसरं आहे, ती म्हणाली. मी म्हटलं, ते मला दिलेलं आहे, हे माझं होतं. आणि मग, पकडले गेलेच आहे तर, मी सगळं बाहेर काढलं. ताट, अंगठी, थोरल्या जावेशी जुळणारं नाव. सासवा नावं ठेवतात, सुना गिळतात, माझ्या पोरीनेही तेच करावं म्हणून मी तिला या देशात वाढवलं का? आणि नाव तरी कसलं, मुलीला मुलगा म्हणणारं! कुणा देखण्याचा मुलगा! हिची आई कुठे आहे त्या नावात? मी ओरडत होते. बहात्तराव्या वर्षी एवढा आवाज निघतो हे मलाही माहीत नव्हतं.

मुलगी ऐकत राहिली. मग तिने मला विचारलं की माझ्या, म्हणजे तिच्या, नावात मधे कोण आहे. बाबा, तीच म्हणाली. तुझ्या नावात मधे कोण आहे? बाबाच. लग्नाआधी कोण होतं? तुझे बाबा. आपल्याकडे प्रत्येक बाई कुणाची तरी, कागदावर, आयुष्यभर. तो मॅक आपण मधे घालतो आणि हे लोक पुढे घालतात, एवढाच फरक. तुला पन्नास वर्षांत आपल्या मॅकचा राग आला नाही आणि दोन आठवड्यांत यांच्या मॅकचा आला.

आणि मग तेवढ्याच सपाट आवाजात म्हणाली की ती स्वतः तीन आठवडे बेबी गर्ल होती आणि तिला ते माहीत आहे.

मला बसायला खुर्ची सापडेना. रागाची गंमत अशी की तो उतरत नाही, फक्त फिरतो. आधी विहिणीवर होता, मग मुलीवर, आणि आता मांजराने घरभर फिरून पायपुसण्यावर येऊन बसावं तसा माझ्यावर येऊन बसला. पण मी तेव्हा ते कबूल केलं नाही. मी म्हटलं, ते जाऊ दे, नाव तुझ्या सासूने ठेवलं की नाही, ते सांग.

तेव्हा मुलगी विहिणीकडे वळली आणि तिने माझं सगळं बोलणं तिला इंग्रजीत सांगितलं. सगळं. गोऱ्या आजीसकट, गळ्यात मारण्यासकट. एक शब्द सौम्य केला नाही. मी दाराकडे बघत उभी राहिले, पळायला वाट किती आहे त्याचा अंदाज घेत.

विहीण माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. केप ब्रेटनची, तिकडच्या खेड्यातली, हाडाने रुंद. मी तिला विहीणबाई म्हणते, ती मला बाई म्हणते, त्यातला शेवटचा तुकडा माझ्या वाट्याचा समजून. तिने हाताची कणीक पुसली. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. ती म्हणाली की मॅकेन्झी हे तिचं माहेरचं आडनाव. एकोणिसाव्या वर्षी लग्न झालं त्या दिवशी ते सुटलं. चर्चमध्ये आत जाताना होतं, बाहेर येताना नव्हतं. भाऊ नाहीत, चुलत्यांनाही मुली. तिच्या मागे त्या घरातलं नाव घेणारं कुणी नाही. तिच्या लोकांत एक जुनी पद्धत आहे. आईच्या माहेरचं आडनाव मुलाला पहिलं नाव म्हणून द्यायचं, म्हणजे बाईबरोबर ते बुडत नाही. बहुतेक वेळा थोरल्या मुलाला. तिचा मुलगा, म्हणजे माझा जावई, झाला तेव्हा तिने ते मागितलं होतं. सासऱ्याने आपल्या बापाचं नाव ठेवायला लावलं. पुढे मुलगी झाली तेव्हा सासऱ्याने आपल्या आईचं ठेवायला लावलं. त्यानंतर तिने मागायचं सोडलं.

जाता जाता तिने हेही सांगितलं की त्या नावातला तो झ मुळात झ नव्हताच, जुन्या लिपीतलं एक अक्षर छापणाऱ्यांकडे नव्हतं म्हणून त्यांनी दिसायला जवळचं दुसरं लावलं. तिचे आजोबा मकिंगी असं काहीसं म्हणायचे. म्हणजे छापखान्यानेही त्या नावाला सोडलं नव्हतं.

आणि माझ्या मुलीच्या गळ्यात तिने ते मारलं नव्हतं. गेल्या उन्हाळ्यात मुलगी तिच्याबरोबर जुने फोटो बघत बसली होती, तेव्हा मुलीनेच विचारलं की लग्नाआधी तुमचं नाव काय होतं. मग हे सगळं निघालं. नाव मुलीने ठरवलं. विहीण दोनदा नको म्हणाली होती.

मला काय लागलं असेल तर ते हे. माझ्या पोरीने सासूला विचारलं, लग्नाआधी तुमचं नाव काय होतं. मला कधी विचारलं नाही. आणि ती विचारणार कशी? तिच्या आईने आयुष्यभर त्या तांदळाचा भात करून गप्प वाढला होता. एकदा जरी सांगितलं असतं, भांडी घासता घासता, तर आज तिच्याकडे निवडायला दोन आज्यांची दोन नावं असती. वहीत सह्या गिरवणाऱ्या त्या पोरीला मूर्ख म्हणून मी मोकळी होते. ती निदान एकवीस वर्षांची होती. पुढची पन्नास वर्षं तोंड मिटून बसली ती कोण?

मी विहिणीला सॉरी म्हटलं. चांगलं म्हटलं नाही, घासून निघालं. तिने मान हलवली आणि पुरी सोडली तेलात. तेल थंड झालं होतं. ती पुरी फुगली नाही, आम्ही दोघींनी ती तशीच खाल्ली, अर्धी अर्धी.

दुपारी बारसं झालं. मुलीने माझ्याकडून कानात सांगायचं काम काढून घेतलं. माझ्याकडे न बघता जाहीर केलं की नाव आजी सांगेल, ती आजी. मला वरवंट्यावर ठेवलं. वरवंट्याला टोपडं मी घातलं, पाळण्यावरून मी दिला, खालून कुणी घेतला ते बघितलं नाही. तिसाएक माणसं होती, बायका क्यूट नाव, क्यूट नाव करत होत्या आणि मला प्रत्येकीला चिमटा काढावासा वाटत होता. विहिणीला कुर्रर्र कसं करायचं ते विद्यार्थिनींनी शिकवलं होतं. ती वाकली, तिने आपलंच गेलेलं नाव त्या कानात सांगितलं आणि कुर्रर्र केलं. तिच्या लोकांचा र असा काही लोळतो की आमच्या सगळ्यांपेक्षा तिचं कुर्रर्र खणखणीत निघालं. ते नाव त्या बाईच्या तोंडून मी प्रथमच नीट ऐकलं. मला त्याचा अजूनही राग होता. अर्थ तोच होता, देखण्याचा मुलगा, तो काही बदलला नव्हता. फक्त तो आता एका बाईच्या तोंडून येत होता.

कानात सांगून झालं की सांगणारीच्या पाठीत धपाटे घालायची पद्धत. मी घातला. जरा जोरातच बसला. पद्धतच ती, कुणी काही म्हणू शकत नाही. विहीण वळून माझ्याकडे बघून हसली आणि पाठ चोळत म्हणाली की आता फिटलं का.

संध्याकाळी सगळे गेल्यावर मी सिंकपाशी वरवंटा धूत उभी होते. बॅग भरायची का, हे मी विचारलं नव्हतं. मुलीनेही सांगितलं नव्हतं. ती बाळाला खांद्यावर घेऊन आली. मी पाणी चालूच ठेवलं आणि वरवंट्याला सांगावं तसं म्हटलं, की मॅकेन्झीला, हो, मी नाव घेतलं, मॅकेन्झीला मधलं नाव अजून दिलेलं नाही ना. फॉर्मवर ती जागा रिकामी आहे. तिथे ते माझं घातलं तर.

मुलीने नळ बंद केला. बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. आणि मग ती माझ्याशी मराठीत बोलली, तिच्या त्या मराठीत, जी मी कितीतरी वर्षांत सलग एवढी ऐकली नव्हती:

"आई, ते नाव तुला पाहिजे, तिला नाही. तुझं तू परत घे. फॉर्म ऑनलाइन आहे, तू स्वतः अप्लाय कर. आणि उद्या सात वाजता तिचा मसाज आहे, लेट येऊ नको."